पुळणीवर चालताना ठोका चुकला तर

गुहागरच्या समुद्रकाठच्या वाळूत, म्हणजे पुळणीवर, मी अकरा वर्षं सकाळी चालते आहे. त्यातली शेवटची तीन वर्षं मनगटावर बोटं ठेवून. एका मे महिन्यात चालून आले, सुरूच्या झाडाखाली टेकले, पाणी प्यायले आणि छातीत कुणी आतून टिचकी मारावी तसं झालं. टिचकीच्या आधी क्षणभर सगळं रिकामं. मग पुन्हा तसंच. दहा मिनिटांत सात-आठ वेळा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, पित्त असेल तुझं. आमसुलाचं पाणी घे." घरात म्हणाले, गॅस. मीही दोन महिने गॅसच म्हणत राहिले, ओवा खाल्ला, भीतीने चालणं सोडलं आणि तपासणी मात्र केली नाही.

यातलं चालणं सोडणं एक वेळ ठीक होतं, पण तपासणी न करणं ही चूक होती. पुढे तपासणी होऊन सगळं कळल्यावरही मी चार महिने घरातच बसले, ती दुसरी चूक. आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: दुखण्याचं नाव कळेपर्यंत जोर करू नका आणि नाव कळल्यावर घरात बसू नका. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पुढे लिहिलंय ते माझ्या आणि माझ्या मोठ्या भावाच्या दुखण्यातून शिकलेलं आहे. दादांना वेगळं दुखणं आहे, म्हणून दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या.

"ठोका चुकला" म्हणजे आत काय होतं

खरं तर बहुतेक वेळा ठोका चुकत नाही, लवकर येतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, ती ठोक्यांचा ताल धरते. कधी कधी दुसऱ्याच जागेवरून एखादा ठोका मध्येच निघतो. तो घाईने आल्यामुळे हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून त्याचा धक्का मनगटापर्यंत पोचतच नाही. मग जरा मोठी विश्रांती होते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवते ती मधली रिकामी जागा आणि नंतरची टिचकी. याला एक्टोपिक ठोके म्हणतात. हृदयाची रचना चांगली असेल तर हे ठोके सहसा धोक्याचे नसतात आणि पुष्कळ निरोगी माणसांनाही येतात.

माझं हेच निघालं. चालताना नाही आणि थांबल्यावर का, हेही तेव्हा समजलं. चालताना ठोके भरभर पडतात, मध्ये घुसायला जागाच नसते. थांबलं की वेग उतरतो, पण रक्तातलं ठोके वाढवणारं अ‍ॅड्रेनॅलिन अजून उतरलेलं नसतं. त्या पाच-दहा मिनिटांत हे आगाऊ ठोके डोकं वर काढतात. उलट ज्यांचे असे ठोके चढ चढताना, दम वाढेल तसे वाढत जातात, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायलाच हवी.

दादांचं वेगळं. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला काही तालच उरत नाही. दोन ठोके जवळ, एक लांब, तीन भरभर, कशाचा कशाला मेळ नाही. वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. या दुखण्यात पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे ५ पट असतो, म्हणून याच्याशी "बघू नंतर" चालत नाही.

तिसरा प्रकार तरुणांमध्येही दिसतो. बटण दाबल्यासारखी अचानक धडधड सुरू होते, नाडी दीडशेच्या वर जाते, पण ताल पक्का असतो आणि मग तशीच अचानक थांबते. याला एसव्हीटी म्हणतात.

आधी हे वाचा: कुणी चालायला जायचंच नाही

पुढचं सगळं सोडून आधी स्वतःला विचारा. चढ चढताना, पळताना किंवा पोहताना कधी शुद्ध हरपली आहे का? नुसती घेरी नव्हे, खाली कोसळणं. श्रम करताना छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब येतो का, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते का? आधी चढत होतात त्याच पाखाडीवर, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर, हल्ली निम्म्यात धाप लागते का? घरात कुणी चाळिशीच्या आत झोपेत किंवा खेळताना अचानक गेलं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर तपासणी होईपर्यंत व्यायाम बंद. समुद्रात पोहणं तर मुळीच नको, एकट्याने तर नाहीच.

आपल्याकडे अशा अचानक गेलेल्या माणसांच्या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत. "मुंबईचा काका लवकर गेला" एवढंच माहीत असतं. कसा गेला, ते आईला किंवा आत्याला विचारून घ्या. डॉक्टर हमखास विचारतात.

नाडी धरायला शिका

घड्याळापेक्षा हे आधी. उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी हाडाच्या आतल्या बाजूला ठेवा. अंगठ्याने दाबू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. हलकंच धरा. ताल सरळ असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ताल वेडावाकडा असेल तर पुरतं एक मिनिट मोजा, अर्ध्या मिनिटाचा हिशोब फसतो. बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. रोज चालणाऱ्यांची त्याहून कमीही असू शकते.

आठवडाभर रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी मोजा. स्वतःची नेहमीची नाडी कशी लागते ते बोटांना कळू द्या. मग बिघडली की बोटंच सांगतात. दादांना पहिल्यांदा वहिनींनी पकडलं ते असंच. त्या म्हणाल्या, "तुमची नाडी गोंधळलीय." ईसीजीच्या पट्टीवर तेच निघालं.

मनगटावरचं स्मार्ट घड्याळ कामाचं आहे, पण त्याच्या मर्यादा आहेत. ते त्वचेखालच्या रक्ताची लाट मोजतं. जो ठोका मनगटापर्यंत पोचलाच नाही तो त्याच्या लेखी पडलाच नाही. चालताना कधी ते पावलांचा ताल नाडी म्हणून दाखवतं, घामाने सुटलं तर काहीही दाखवतं. छातीला बांधायचा पट्टा जास्त खरा आकडा देतो. काही घड्याळांत बोट ठेवून ३० सेकंदांची ईसीजी काढता येते. धडधड चालू असताना ती काढून ठेवा, डॉक्टरांना फार उपयोग होतो. मात्र हार्ट अटॅक त्यात कळत नाही. घड्याळ "ठीक" म्हणालं म्हणून छातीतल्या दाबाकडे दुर्लक्ष करू नका.

वही

मी शाळेतली शंभर पानी वही वापरते. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते:

"नवमी. ६.१० ते ६.५०. वाळू मऊ. रात्री झोप ४ तास, लग्नाहून उशिरा आलो. चहा २. बसल्यावर ९ टिचक्या, १५ मिनिटांत बंद. नाडी ९६, नंतर ८०. चक्कर नाही."

अशा चाळीसेक नोंदी झाल्यावर मला माझं दुखणं वाचता आलं. पित्ताशी त्याचा संबंध नव्हता. कमी झोप, पाळीनंतरचा आठवडा आणि मऊ वाळू, हे तीन एकत्र आले की टिचक्या वाढायच्या. तुमचं गणित वेगळं असेल. कुणाला रात्रीच्या दारूनंतर दुसऱ्या सकाळी होतं, कुणाला ताप उतरत असताना. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, त्यानेही धडधड वाढते. मिश्री आणि तंबाखूही लिहा. आमच्या भागात कितीतरी बायका सकाळी मिश्री लावूनच बाहेर पडतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर "व्यसन काही नाही" म्हणतात. मिश्रीतही निकोटीन असतं आणि ते हृदयाला पळवतं.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

"धडधडतं" एवढ्याने भागत नाही. माझ्या डॉक्टरांनी मला टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगितलं. मी टक, टक, टक-टक, मग थांबून जोरात ठक असं वाजवलं, तेव्हाच ते हसले. हळूहळू सुरू होतं की एकदम, एकदम थांबतं की विरत जातं, किती वेळ टिकतं, श्रमात होतं की श्रमानंतर, हे चार प्रश्न पाठ करून जा.

तपासण्या साधारण अशा असतात. आधी ईसीजी. ती दहा सेकंदांची गोष्ट, त्या वेळी काही झालं नाही तर ती साधीच येते, म्हणून तेवढ्यावर "काही नाही" मानून परत येऊ नका. टू-डी एकोत हृदयाची रचना आणि झडपा दिसतात. आपला प्रश्न व्यायामातला असल्यामुळे ट्रेडमिलवरची टीएमटी, म्हणजे चालता चालता काढलेली ईसीजी. आणि होल्टर, म्हणजे २४ किंवा ४८ तास अंगावर बांधायचं छोटं यंत्र. होल्टर लावल्यावर माणसं घरात पडून राहतात आणि अहवाल स्वच्छ येतो. मी डॉक्टरांना विचारून ते लावूनच समुद्रावर गेले, पाखाडी चढले, आणि सगळं त्यात आलं.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम बघून घ्या. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईला किमान १२ हवं. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि टिचक्या निम्म्याहून कमी झाल्या. चाळिशी-पन्नाशीतल्या बायांनो, अंगावरून जास्त जातंय हे लाजून लपवू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगा. पुरुषांनी घोरणं सांगावं. झोपेत श्वास अडकणं आणि एट्रियल फिब्रिलेशन यांची जोडी पुष्कळदा असते.

आमच्याकडून चिपळूण ४५ किलोमीटर, मोठ्या तपासण्यांना कुणी कोल्हापूर गाठतं, कुणी मुंबई, खालच्या सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीला जातात. दर ठिकाणी जुनी ईसीजी मागतात. पट्टीचा कागद कालांतराने पांढरा पडतो, म्हणून मिळाल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पुन्हा चालायला लागताना: वाळू, भरती, हवा

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरचा हा भाग. शहरातल्या माणसाला लिहून दिलेला "रोज ३० मिनिटं चाला" हा सल्ला आपल्याकडे तसाच चालत नाही. कोकणात तीस मिनिटं म्हणजे कुठली तीस मिनिटं, हा प्रश्न आहे. डोंगरमाथ्यावरच्या सड्याची सपाट, पाखाडीवरची चढाची, की पुळणीतली?

कोरड्या मऊ वाळूत पाऊल रुततं आणि डांबरी रस्त्याच्या दुपटीहून जास्त श्रम पडतात. ओली घट्ट वाळू त्यामानाने रस्त्यासारखी. घट्ट वाळू कधी मिळेल ते कॅलेंडर सांगतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते, हे कोळ्यांचं जुनं गणित. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी पाणी वरपर्यंत आणि आपल्या वाट्याला मऊ वाळू. माझ्या वहीतली ती नवमी आठवा. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी आणि मैलभर टणक, ओली पुळण. नव्याने सुरुवात करायची तर अशा दिवसांत करा. अष्टमी-नवमीला मी गावातल्या सपाट रस्त्याने जाते. सुरूच्या बनात मुळांना पाय अडतो, अंधारात तिथे नको.

हवेचंही तसंच. घाम अंगावरून वाळतो तेव्हा अंग थंड होतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरात हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड करायला रक्त कातडीकडे धावतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, आणि ते भरून काढायला ठोके वाढतात. म्हणून जानेवारीत ज्या चालीला नाडी १०५ असते, त्याच चालीला मे महिन्यात १२० होते. तुम्ही बिघडला नाहीत, हवा बदलली. अशा दिवसांत चाल कमी करा, नाडी तीच ठेवा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो कोरडा आणि गार. वर्षातली सगळ्यात चांगली चाल तेव्हाची. मे महिन्यात सूर्य डोंगरावर यायच्या आत घरी परतावं.

किती जोरात चालायचं, याला मी पाढ्यांची कसोटी वापरते. चालता चालता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. सलग म्हणता आला तर चाल बरोबर. मध्येच श्वासासाठी तोडावा लागला तर हळू करा. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचं सूत्र सगळीकडे सांगतात, पण ते सरासरीचं आहे, आणि मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी ठोके मंद करणारी गोळी चालू असेल तर ते लागूच पडत नाही. पाढा सगळ्यांना लागू पडतो.

पहिला आठवडा १० मिनिटं, सपाट. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. चढ सगळ्यात शेवटी. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं रमतगमत. शेवटचं हे रमतगमत टाळू नका: जोरात चालून एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, डोकं हलकं होतं आणि नेमक्या त्या वेळी टिचक्याही येतात. मी आता झाडाखाली लगेच टेकत नाही, चप्पल हातात घेऊन पाण्याच्या कडेने हळू फिरते.

पाणी, आगळ, शहाळं

निघण्यापूर्वी भांडंभर पाणी, आल्यावर पेज किंवा पातळ ताक. पेजेत मीठ असतं, घामाने गेलेलं परत येतं. कोकमाचं आगळ मात्र जपून, त्यात मीठ भरपूर असतं, रक्तदाब किंवा हृदय कमजोर असणाऱ्यांना ते सोसत नाही. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या रक्तदाबाच्या-हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर रोज शहाळं प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. लघवीच्या गोळ्यांचं उलट, त्यातल्या काहींनी पोटॅशियम उतरतं आणि ठोके बिघडतात.

ठोके मंद करणारी गोळी एकदम बंद करू नका. "आता बरं वाटतंय" म्हणून दोन दिवस सोडली की ठोके दुप्पट जोराने उसळू शकतात.

वाटेत सुरू झालं तर

थांबा, बसा. वाळूवर बसायची लाज नको. नाडी धरा, वेळ बघा, सावकाश श्वास सोडा. एक्टोपिक ठोके असतील तर दहा-पंधरा मिनिटांत विरतात. मग हळू घरी या, दुसरी फेरी नको.

एसव्हीटीचं निदान झालेलं असेल आणि डॉक्टरांनी शिकवलं असेल तर एक युक्ती आहे. अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच पाठीवर आडवं होऊन दुसऱ्याने पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली, नुसतं फुंकून १७ टक्के. पाय धरणारं माणूस घरात आधीच शिकवून ठेवा.

छातीत दाब, बसूनही धाप, शुद्ध जाणं, किंवा वीस मिनिटं बसूनही नाडी दीडशेच्या खाली न येणं, यातलं काही झालं तर १०८. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनवर नुसतं गावाचं नाव देऊ नका: गाव, वाडी, जवळचं देऊळ आणि हमरस्त्यावरचा फाटा सांगा, आणि एकाला फाट्यावर उभं करा. आपल्या खाड्यांच्या खोऱ्यांत रेंज नसते, म्हणून कुठल्या वळणावर फोन लागतो ते चालताना बघून ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ अडखळली तर तो पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपला अर्धा वेळ घाटरस्त्यात जातो. आधी घरगुती उपाय करत बसू नका.

सोबतचं माणूस कोसळलं, हाक मारून हललं नाही आणि श्वास नीट नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका.

पावसाळ्यातली पाखाडी

जूनपासून चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दादांना गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे आणि गेल्या श्रावणात ते पाखाडीवरून घसरले. खोक पडली नाही, नुसतं डोकं दगडी गडग्याला लागलं. "काही झालं नाही" म्हणत ते जेवायला बसत होते. वहिनींनी ताट बाजूला ठेवलं आणि गाडी काढायला लावली. रक्त पातळ असताना डोक्याला मार लागला तर आत हळूहळू रक्त साठू शकतं, वरून काही दिसत नाही, म्हणून बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठायचाच. त्यांचं सीटी स्कॅन स्वच्छ निघालं. तेव्हापासून पावसाचे चार महिने ते पडवीत आणि देवळाच्या मंडपात फेऱ्या मारतात, वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिन चालू असणाऱ्यांनी पावसाळी भाज्यांचाही विचार करावा. टाकळा, माठ, अळू एकदम भरपूर आणि मग महिनाभर अजिबात नाही, असं केलं की औषधाचं माप चुकतं. थोडं आणि नेमाने खावं.

दादांच्या खिशात आता प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. मी शाळेच्या अक्षरात लिहून दिली आहे:

"वय ६४. एट्रियल फिब्रिलेशन. अ‍ॅपिक्साबॅन ५, दिवसातून दोनदा. रक्त पातळ आहे. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांना आधी हे सांगा. घरचा नंबर मागच्या बाजूला."

त्यांच्याबरोबर चालणाऱ्या तिघांनाही ती कुठल्या खिशात आहे ते माहीत आहे. डाव्या, वरच्या.